पेशीच्या पोटातला बिनतारी व्होल्टमीटर

२००७ साली ‘बायोफिजिकल जर्नल’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या कॅथरिन टायनर, मार्टिन फिल्बर्ट आणि राऊल कोपेलमन यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतले तीस, म्हणजे ३० नॅनोमीटर, एवढ्या आकाराचे कण त्यांनी तयार केले होते आणि जिवंत पेशींच्या आत पोचवले होते. यातला प्रत्येक कण म्हणजे एक व्होल्टमीटर, असे त्यांचे म्हणणे. त्याला तार नव्हती, काटा नव्हता. भोवतालच्या विद्युतक्षेत्रानुसार त्याच्या उजेडाचा रंग किंचित सरकायचा आणि तो सूक्ष्मदर्शकातून वाचायचा. निष्कर्ष मात्र कणाएवढा लहान नव्हता. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांच्या पटलांवरचे विद्युतक्षेत्र भोवतालच्या पेशीद्रवात आजवरच्या अंदाजापेक्षा कितीतरी खोल शिरते, आणि पेशीद्रवाला एकजिनसी खारे पाणी समजणे चूक असून ते निरनिराळ्या विद्युत स्वभावाच्या बारीक प्रदेशांचे जेल आहे, असे हा निबंध सांगत होता. नवे उपकरण दिसले की विज्ञानाच्या बातम्या त्याच्या आकारावर भाळतात, तशा याही वेळी भाळल्या. पण खरा प्रश्न आकाराचा नव्हता. सजीवांतल्या विजेविषयी आपण काय मानतो हे प्रत्येक काळात दोन गोष्टींनी ठरत आले आहे. उपकरणाचे टोक कुठवर पोचते, ही एक. नव्या उपकरणाचे माप जुन्या मापाशी ताडून पाहता येते का, ही दुसरी. नॅनोकणांनी पहिली अडचण एका झटक्यात दूर केली आणि त्याच झटक्यात दुसरी सोय गमावली. हा व्यवहार नीट समजायचा तर बेडकाच्या तंगडीपासून सुरुवात करावी लागते.

इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानी १७८०च्या दशकात बेडकाच्या सोललेल्या मागच्या तंगड्यांवर प्रयोग करत होता. चेतेला एक धातू लावायचा, स्नायूला दुसरा टेकवायचा. दोन्ही धातू एकमेकांना भिडले की मेलेली तंगडी झटका देई. ही वीज प्राण्याच्या अंगचीच आहे, असे त्याने १७९१ साली जाहीर केले. पाव्हियाच्या आलेस्सांद्रो व्होल्टाला ते पटले नाही. त्याच्या मते वीज दोन वेगळ्या धातूंच्या स्पर्शातून उपजते आणि बेडूक ती फक्त दाखवतो. यावर १७९४ मध्ये धातू पूर्ण वगळून, चेतेचे टोक नुसते स्नायूवर टाकून झटका मिळवल्याचा प्रयोग पुढे आला. उत्तर चोख होते, पण १८०० साली व्होल्टाने धातूंच्या चकत्या रचून पहिली बॅटरी केली आणि तिच्या झगमगाटात बेडूक मागे पडला. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, हे आता कोणीही सांगेल. मला या वादात अधिक लक्षणीय वाटते ती गोष्ट वेगळी आहे. बेडकाची तंगडी ही तपासायची वस्तूही होती आणि तपासणारे यंत्रही तीच होती. तिच्याबाहेरचा, तिच्याशी संबंध नसलेला दुसरा मापक कोणाकडेच नव्हता. म्हणून कितीही चतुर प्रयोग केला तरी त्याचा अर्थ दोन्ही पक्षांना हवा तसा लावता येत होता.

असा मापक मिळाला तो १८२० नंतर. तारेतून वीज वाहिली की शेजारची चुंबकसूची हलते, हे ओर्स्टेडने दाखवले. तारेचे वेढे वाढवले की सूची जास्त हलते, एवढ्या साध्या तत्त्वावर गॅल्व्हानोमीटर तयार झाला. फ्लॉरेन्सच्या नोबिलीने आणि पिसाच्या मात्तेउच्चीने त्यावर बेडकातले प्रवाह पकडले, पण या कामाला शिस्त आणली बर्लिनच्या एमिल द्यु ब्वा-रेमोंने. चेतेतला प्रवाह इतका क्षीण की बाजारात मिळणारे कुठलेही यंत्र त्यापुढे बधिर ठरे. म्हणून त्याने स्वतः गॅल्व्हानोमीटर बांधला आणि त्यावर तारेचे २४,०००हून जास्त वेढे घातले. त्या तारेची लांबी पाच किलोमीटरच्या वर भरते. एका ठिकाणी जरी वेष्टण सुटून दोन वेढे चिकटले तरी तेवढी मेहनत फुकट. पुढे त्याने स्वतःच्याच दंडाच्या स्नायूतली वीज मोजायचे ठरवले. दोन्ही हातांची बोटे मिठाच्या पाण्यात बुडवून एक हात आवळला की सूची हलायची, पण जेमतेम. आड येत होती ती कातडी. मग त्याने दोन्ही हातांवर फोड आणवले, वरची साल काढली आणि उघड्या मांसाशी संपर्क जोडला. सूची चांगलीच वळली. उपकरणाचे टोक आणि वीज यांच्यामध्ये जे काही येते ते माप बिघडवते, हा धडा या क्षेत्राने असा अंग सोलून घेतला आहे.

द्यु ब्वा-रेमोंला चेतेत संदेश धावताना विजेत क्षणिक घट होते असे दिसले होते, पण गॅल्व्हानोमीटरची जड सूची हजारांश सेकंदाचा खेळ टिपणार कशी? त्याचा मित्र हेल्महोल्ट्झ याने १८५० साली विजेला हात न लावता, स्नायू आकुंचायला किती वेळ लागतो यावरून, बेडकाच्या चेतेतला संदेश सेकंदाला सुमारे २७ मीटर वेगाने जातो हे काढले होते. या दोघांचे गुरू योहानेस म्यूलर यांनी असा वेग मोजणे बहुधा कधीच जमणार नाही असे काही वर्षे आधी लिहून ठेवले होते. मग १८६८ साली द्यु ब्वा-रेमोंचा शिष्य ज्युलियस बर्नस्टाइन याने एक फिरती चकती केली. प्रत्येक फेऱ्यात चकतीवरचा एक संपर्क चेतेला टोचणी देई आणि दुसरा संपर्क गॅल्व्हानोमीटरचे मंडल क्षणाच्या अत्यंत लहान तुकड्यापुरते जोडे. दोन्हींमधले अंतर थोडे थोडे सरकवत नेले की त्या घटनेचा एकेक तुकडा सूचीवर जमा होई. अशा तुकड्यांतून त्याने विद्युतलहरीचा पूर्ण आकार उभा केला. ती हजारांश सेकंदाहून कमी टिकते, आणि तिचा वेग हेल्महोल्ट्झच्या आकड्याशी जुळतो. हे जुळणे फार मोलाचे होते. एका पद्धतीत वीज मोजली होती, दुसरीत स्नायूची हालचाल. दोन्हींच्या चुका वेगवेगळ्या असणार. तरी आकडा एकच आला, म्हणून ती विद्युतलहर म्हणजेच चेतेतला संदेश हे मान्य झाले. चकतीची अचूकता कितीही असती आणि दुसरा आकडा नसता, तर ते एका यंत्राचे म्हणणे राहिले असते.

१९०२ मध्ये याच बर्नस्टाइनने पुढचे पाऊल टाकले. पेशीभोवतीचे पातळ पटल पोटॅशियमच्या आयनांना जाऊ देते, इतरांना अडवते. त्यामुळे आत ऋण आणि बाहेर धन असा फरक पडतो. संदेश धावताना हे पटल क्षणभर सगळ्यांनाच वाट देते आणि फरक शून्यावर येतो. मांडणी सुबक होती, पण हे लिहिताना बर्नस्टाइनचे काय, कोणाचेच उपकरण पेशीच्या आत गेलेले नव्हते. जखमी जागा आणि साबूत जागा यांच्यातल्या प्रवाहावरून आतले अनुमान चालले होते. आत शिरायला दार मिळाले ते म्हाकुळामुळे. म्हाकुळाला पळ काढताना अंगातले पाणी एकदम बाहेर फेकावे लागते, आणि त्या स्नायूंना आज्ञा नेणारा त्याचा चेतातंतू चांगला अर्धा मिलिमीटर जाड असतो. जे. झेड. यंग यांनी १९३०च्या दशकात शरीरशास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे वेधले. १९३९च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या प्लिमथ येथे ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी अशा तंतूत त्याच्या कापलेल्या टोकातून मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी बारीक काचनळी सरळ आत सरकवली. संदेश आला तेव्हा व्होल्टेज शून्यावर न थांबता उलट्या बाजूला सुमारे ४० मिलिव्होल्ट चढले. बर्नस्टाइनचे निम्मे बरोबर होते आणि निम्मे चूक, हे एका नोंदीत कळले. नंतर काही दिवसांतच महायुद्ध सुरू झाले, छोटासा निबंध छापून दोघेही लढाईच्या कामाला लागले.

युद्धानंतर हॉजकिन आणि बर्नार्ड कात्झ यांनी १९४९ मध्ये हे चढणे सोडियमच्या आयनांमुळे होते असे दाखवले, आणि १९५२ मध्ये हॉजकिन-हक्सलींचे पाच निबंध आले. पटलातून सोडियम व पोटॅशियम कधी आणि किती जातात याची समीकरणे त्यांनी मांडली. ती सोडवायला केंब्रिजचा संगणक त्या वेळी उपलब्ध नव्हता, म्हणून हक्सलींनी ब्रुन्सविगा या हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर आकडेमोड केली. धावत्या लहरीचे गणित पुरे व्हायला सुमारे तीन आठवडे लागले. गणिताने वेग सांगितला सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्ष तंतूत तो २१.२ मीटर भरला. दहा टक्क्यांच्या आसपासचा फरक, तोही वेग आधी कुठेही गृहीत न धरता. एवढे झाल्यावर पेशीतली वीज म्हणजे पटलावरची वीज हे समीकरण पाठ्यपुस्तकांत कायमचे बसले, आणि आतला पेशीद्रव आयन विरघळलेल्या पाण्याच्या भूमिकेत गेला.

नेमक्या याच काळात एक चमत्कारिक फाटा फुटला, आणि २००७च्या निबंधाकडे जाणारी वाट त्या फाट्यावरून जाते. शिकागो विद्यापीठात रॅल्फ जेरार्ड आणि त्यांचा नानजिंगहून आलेला विद्यार्थी गिल्बर्ट लिंग यांनी १९४९ मध्ये काचेची केशनळी तापवून अशी ओढली की टोक अर्ध्या मायक्रोमीटरहून बारीक झाले. आधीच्या जाड टोकांनी पटल फाटे, तिथून वीज गळे आणि आकडे कमी भरत, शिवाय रोज वेगळे येत. हे टोक आत शिरले की पटल त्याच्याभोवती घट्ट बसे. साध्या स्नायुतंतूचे, पुढे बहुतेक कोणत्याही मोठ्या पेशीचे, व्होल्टेज मोजता येऊ लागले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ही नळी पोचली. पण तिला नावारूपाला आणणारा लिंग स्वतः मात्र पटल-सिद्धांताचा कट्टर विरोधक झाला. पोटॅशियम पेशीत राहते ते पटलाने अडवल्यामुळे नव्हे, तर आतल्या प्रथिनांना चिकटून राहिल्यामुळे. पेशीतले पाणीही साधे पाणी नव्हे, रचलेले पाणी आहे. सोडियम बाहेर फेकणाऱ्या पंपाला लागेल एवढी ऊर्जा पेशीकडे नाहीच. १९६२ मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि २०१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत मत बदलले नाही. पंपाची रचना उलगडली, आयन-मार्गांची प्रथिने हाती आली, तरी नाही.

लिंगचा पराभव कसा झाला हे जवळून पाहण्याजोगे आहे. १९६१ मध्ये पी. एफ. बेकर, हॉजकिन आणि टी. आय. शॉ यांनी म्हाकुळाचा तोच जाड चेतातंतू घेतला, रबरी सपाटीवर ठेवला आणि वरून लहानसा रूळ फिरवून, पेस्टची ट्यूब पिळावी तसा, आतला जवळजवळ सगळा पेशीद्रव पिळून काढला. चपटी झालेली ती पोकळ नळी त्यांनी पोटॅशियमच्या क्षाराच्या पाण्याने फुगवली आणि टोचणी दिली. तंतूने संदेश दिला. एकदा नव्हे, हजारो वेळा दिला. आतली प्रथिने गेली, ‘रचलेले पाणी’ गेले, आणि तरी वीज शाबूत. यानंतर आत काय आहे याची चौकशी करणारा माणूस विद्युतशरीरशास्त्रात विक्षिप्त ठरला तर नवल नाही.

इथे माझ्या मांडणीवर पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. विज्ञानाने पटलावर लक्ष केंद्रित केले ते उपकरण तिथवरच पोचत होते म्हणून नव्हे. पुराव्याने तिकडे नेले म्हणून. उपकरणाच्या मर्यादेला सिद्धांताचे कारण ठरवणे हा हॉजकिन-हक्सलींवर अन्याय आहे. आक्षेपाचा पूर्वार्ध मला मान्य आहे. चेतेतला संदेश पटलावरून धावतो, याला पिळलेल्या तंतूहून मोठा पुरावा मागणे हट्टीपणा होईल. पण त्या प्रयोगाने सिद्ध काय झाले? पेशीद्रवाशिवाय संदेश धावू शकतो, एवढेच. पेशीद्रवात विद्युतक्षेत्र नसते, हे त्यातून सिद्ध होत नाही. तो प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता. शिवाय चेतातंतू ही लांबवर संदेश नेण्यासाठी घडलेली खास पेशी. यकृतातल्या पेशीचे पोट तंतुकणिकांनी, पुटिकांनी, पटलांच्या घड्यांनी गच्च भरलेले असते, आणि तिला म्हाकुळाच्या तंतूचे नियम जसेच्या तसे लावण्याचे कारण सोयीचे होते, पुराव्याचे नव्हे. बाहेरचे पटल पेशीच्या आकारमानाच्या हजाराव्या भागाहूनही कमी जागा व्यापते. उरलेल्या भागात विजेच्या दृष्टीने काही घडत नाही हे मानले गेले, मोजले गेले नाही.

मोजणार कसे? १९७६ मध्ये ग्योटिंगेन येथे एर्विन नेहर आणि बर्ट झाकमन यांनी काचनळीचे टोक पेशीत खुपसण्याऐवजी पटलावर नुसते टेकवले आणि एका आयन-मार्गातून जाणारा काही पिकोॲम्पिअरचा प्रवाह नोंदवला. या पॅच क्लॅम्प पद्धतीला १९९१ चे नोबेल मिळाले आणि आजही व्होल्टेजच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचाच असतो. तरीही ती पटलाचीच पद्धत राहिली. काचेचे टोक एका वेळी एका जागी बसते, आणि अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या तंतुकणिकेशेजारी ते फिरवत नेणे म्हणजे मोजायचे तेच मोडणे. तारेऐवजी उजेड वापरावा ही कल्पना १९६८च्या सुमारास आली. लॅरी कोएन, रिचर्ड कीन्स आणि बर्टिल हिली यांनी संदेश धावताना चेतेतून जाणाऱ्या प्रकाशात सूक्ष्म फरक पडतो असे दाखवले. इचिजी तासाकी यांनी प्रतिदीप्त रंग वापरून तेच केले. पुढे लेस्ली लोव यांनी घडवलेल्या अॅनेप्स जातीच्या रंगांनी ही पद्धत रोजच्या वापरात आणली. या रेणूवर प्रकाश पडला की त्याच्यातला विद्युतभार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो. भोवती विद्युतक्षेत्र असेल तर त्या सरकण्याला मदत होते किंवा अडथळा येतो, आणि रंग त्या मानाने बदलतो. मात्र हा रेणू पाण्यात जवळपास चमकतच नाही, मेदात शिरला तरच चमकतो. म्हणजे तार गेली तरी पटल काही सुटले नाही.

कोपेलमन यांच्या प्रयोगशाळेत १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून आम्लता, कॅल्शियम, ऑक्सिजन मोजणारे नॅनोकण बनत होते. कल्पना अशी की रंगाचा रेणू पेशीत मोकळा सोडला तर तो प्रथिनांना चिकटतो, नको तिथे साचतो, विषारीही ठरतो. त्याला एका निष्क्रिय कणाच्या आत कोंडले तर हे टळते. २००७च्या कणांत अॅनेप्स जातीचा रंग तेलकट गाभ्यात कोंडलेला होता आणि भोवती टणक कवच होते. कण आपला मेद सोबत घेऊनच फिरत असल्यामुळे रंगाला चमकायला पेशीच्या पटलाची गरज उरली नाही. दोन तरंगलांबींवरच्या उजेडाचे गुणोत्तर घेतले की कण कुठे किती जमले आहेत याचा परिणामही गळून पडतो. पेशीबाहेर ज्ञात विद्युतक्षेत्रात कणांचे वाचन एकदा ठरवून घेतले होते, आणि तोच तक्ता पेशीच्या आत वापरला होता. आतले आकडे निघाले ते मीटरला दशलक्षांच्या घरातल्या व्होल्टचे. तुलनेसाठी, कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात. पेशीच्या पटलात याहून मोठे क्षेत्र असते, कारण तिथे ७० मिलिव्होल्ट अवघ्या चार-पाच नॅनोमीटरांत पडतात. पण पटलापासून दूर, पेशीद्रवात?

भौतिकीचा आक्षेप इथेच उभा राहतो. पेशीद्रवात आयन भरपूर असतात. कुठेही भार दिसला की विरुद्ध भाराचे आयन त्याच्याभोवती गोळा होतात आणि सुमारे एक नॅनोमीटरच्या अंतरात त्याचे क्षेत्र झाकून टाकतात. एवढ्या अंतराच्या तिसाव्या हिश्श्याचा नव्हे, तिसपट मोठा कण त्या क्षेत्राचे काय वाचणार? दुसरा आक्षेप रसायनाचा. रंगाचा रेणू विद्युतक्षेत्राने बदलतो हे खरे, पण भोवतालची आयन-संहती, दाटपणा, कणाच्या कवचाला चिकटलेली प्रथिने, यांनीही बदलू शकतो. पेशीबाहेर स्वच्छ द्रावात केलेला तक्ता आतल्या गर्दीत खरा राहील याची हमी काय? हा निव्वळ कीस काढणे नाही, हे शेजारच्या एका प्रकरणावरून दिसते. २०१२ मध्ये तोक्योच्या संशोधकांनी पेशीत तापमान मोजणारा प्रतिदीप्त बहुवारिक वापरून केंद्रक उरलेल्या पेशीहून सुमारे एक अंशाने गरम असते असे मांडले. दोन वर्षांनी गियोम बाफू आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर मेथड्स’मध्ये साधा हिशेब केला. एक पेशी जेवढी उष्णता निर्माण करते तिच्यातून असा फरक अंशाच्या एक लाखाव्या भागाच्या आसपास पडेल. लाखपटीची ही तफावत कुठून आली, यावरचा वाद अजून चालू आहे, आणि उष्णतेखेरीज दुसरेच काही मापक वाचत असावा ही शंका त्यात सर्वांत पुढे आहे. मिशिगनच्या कणांवरही तीच शंका घेता येते.

या शंकांना अर्धेच उत्तर आहे, पण ते अर्धे पोकळ नाही. एक नॅनोमीटरचा हिशेब पातळ, एकजिनसी, शांत द्रावासाठी बसवलेला आहे. पेशीद्रव तसा नाही, ही गोष्ट आता लिंगच्या काळासारखी पाखंडी राहिलेली नाही. प्रथिने आणि आरएनए पेशीत पटलाशिवायच थेंब धरून एकत्र येतात, आणि अशा थेंबाच्या आत आयनांचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा वेगळे असते. यिफान दाई, लिंगचोंग यू आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये जिवाणूंत असे थेंब तयार झाले की आयनांची वाटणी बदलते आणि थेट बाहेरच्या पटलाचे व्होल्टेजही सरकते, असे दाखवले. म्हणजे पेशीद्रवाचा विजेशी काही संबंध नाही हे विधान उभे राहत नाही. मात्र यावरून २००७चे आकडे खरे ठरतात असे म्हणणे ही उडी होईल. निबंधातले चित्र पटण्याजोगे असणे वेगळे आणि त्यातले माप बरोबर असणे वेगळे. इतिहासाकडे पाहिले तर माझा कल असा: तिघांनी विचारलेला प्रश्न योग्य होता, दिलेला आकडा मात्र अजून एका यंत्राचे म्हणणे आहे. तारेला दोन टोके असतात, एक आत आणि एक बाहेर, त्यामुळे तिचे माप नेहमी कशाच्या तरी तुलनेत असते. सुटा कण फक्त स्वतःच्या जागेचे सांगतो, आणि तेही विजेच्या भाषेत नाही, उजेडाच्या भाषेत. मधला दुभाष्या म्हणजे तो तक्ता.

पुढच्या लोकांनी काय केले ते पाहिले तर त्यांनाही हे जाणवले असावे. ते पटलाकडे परत गेले. क्वांटम डॉट, म्हणजे काही नॅनोमीटरचे अर्धवाहक स्फटिक, यांचा रंग विद्युतक्षेत्रात सरकतो हे १९९७ मध्ये एम्पेडोक्लीझ आणि बावेंडी यांनी एकेका कणावर दाखवले होते. २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या मार्शल आणि श्नित्झर यांनी गणित करून, असे स्फटिक पटलात बसवता आले तर चेतेतले संदेश वाचता येतील असे मांडले. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या जेम्स डेलिहँटी यांच्या गटाने २०१७ मध्ये क्वांटम डॉटला पेप्टाइडच्या दोरीने फुलरीन बांधून वेगळ्या तत्त्वाचा मापक केला, आणि शिमोन वाइस यांच्या गटाने २०१८ मध्ये नॅनोकांड्यांना पेप्टाइडचा लेप देऊन त्या जिवंत पेशीच्या पटलात रोवण्याचा प्रयत्न केला. कॅडमियमचे विष, कणाचे मधेच विझणे, पटलात सरळ न बसणे, असे अडथळे त्यांना आहेत आणि मेंदूच्या प्रयोगशाळेत पॅच क्लॅम्पची जागा यांनी घेतलेली नाही. पण त्यांच्या बाजूला एक गोष्ट आहे जी मिशिगनच्या कणांना नव्हती. पटलाचे व्होल्टेज दुसऱ्या मार्गानेही कळते, म्हणून त्यांना खोटे पाडता येते.

या दोन्हींच्या मधली वाट शिकागोत सापडली. बंगळुरूच्या एनसीबीएसमधून तिथे गेलेल्या यमुना कृष्णन यांच्या गटाने २०२० मध्ये डीएनएच्या छोट्या दुपदरी तुकड्याचा मापक प्रसिद्ध केला आणि त्याला ‘व्होल्टेअर’ असे नाव दिले. डीएनए तुकड्यावर तीन गोष्टी बसवल्या आहेत: व्होल्टेजनुसार उजळणारा रंग, व्होल्टेजने न बदलणारा दुसरा रंग, आणि मापक पेशीतल्या ज्या अंगकात न्यायचा त्याचा पत्ता. त्यांनी आधी हा मापक बाहेरच्या पटलावर बसवला, पॅच क्लॅम्पने ठरावीक व्होल्टेज लावले आणि रंगांचे गुणोत्तर त्याच्याशी ताडले. मगच तो लयकायांत, पुटिकांत, गॉल्जीत पाठवला आणि जिथे काचेचे टोक जात नाही तिथल्या पटलांचे व्होल्टेज वाचले. एक पाय जुन्या मापावर रोवून दुसरा पुढे टाकण्याची ही रीत बर्नस्टाइनच्या चकतीपासूनची आहे.

पेशीद्रवाच्या बाबतीत जुने माप नाही, तेव्हा असा पाय रोवता येत नाही हे कबूल. तरी कसोटीच नाही असे नाही. तंतुकणिकांच्या पटलावरचे व्होल्टेज घालवणारी रसायने जीवरसायनाच्या प्रयोगशाळांत नेहमीच्या वापरात आहेत. ती दिल्यावर तंतुकणिकांजवळच्या कणांचे वाचन उतरले पाहिजे आणि लांबच्या कणांचे जागेवर राहिले पाहिजे. त्याच आकाराचा, त्याच कवचाचा, पण क्षेत्राला दाद न देणारा रंग भरलेला कण शेजारी ठेवला तर तो दोन्ही वेळी गप्प राहिला पाहिजे. आणि अॅनेप्सशी काहीही नाते नसलेल्या तत्त्वावर चालणारा कण, क्वांटम डॉट म्हणा किंवा आणखी काही, त्याच जागी त्याच घरातला आकडा देतो का ते पाहिले पाहिजे. हेल्महोल्ट्झचे स्नायू आणि बर्नस्टाइनची चकती यांच्यात जसे जुळले तसे इथे जुळले, तर पेशीद्रवातल्या दशलक्ष व्होल्टांना पाठ्यपुस्तकात जागा द्यावी लागेल, आणि लिंगच्या ग्रंथातली काही पाने, सगळी नव्हेत, पुन्हा उघडावी लागतील.